सिग्माखालचं शून्य

त्या शुक्रवारी स्टाफरूममध्ये मी खोटं बोलले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझी उगाच दया यायला नको.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली, अंधेरी पूर्वेच्या एका ज्युनिअर कॉलेजात रजेच्या जागेवर गणित शिकवत होते. ज्यांच्या जागी मी लागले होते त्या बाईंनी फेब्रुवारीत राजीनामा दिला आणि जागा कायमची भरणार असं कळलं. वडिलांची गिरणी संपात गेली होती. ते आता मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात पॅकिंगला जायचे, तेही मालकाची मर्जी असेल तोवर. पाठचा भाऊ अजून शिकत होता. ती जागा मला हवी होती. हवी म्हणजे काय, तिच्यापुढे मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

माझ्याकडे अकरावी सायन्सची डी डिव्हिजन होती. मरोळ, साकीनाका, आरे कॉलनी, सगळी मराठी मीडियममधून आलेली पोरं. ‘रूट’ म्हटलं की एकमेकांकडे बघायची. बाकीच्या बाई म्हणायच्या, यांना जेमतेम पासापुरतं शिकव, बास. मला राग यायचा. मीही तशाच शाळेतून आले होते ना! म्हणून मी ठरवलं, डीला मी असं शिकवीन की ए डिव्हिजनची पोरं तोंडात बोट घालतील.

बायनॉमियल थिअरमची इंडक्शननं सिद्धता पुस्तकात दोन पानं होती, नुसती अधिकची चिन्हं आणि टिंबं. मी ती सिग्मा, म्हणजे बेरजेचं चिन्ह, वापरून नऊ ओळींत बसवली. इंडक्शन म्हणजे विधान एनसाठी खरं आहे असं धरायचं आणि त्यावरून ते एन अधिक एकसाठी खरं करून दाखवायचं. मधे एका ओळीत दोन बेरजा येतात, दोन सिग्मा. दोघांच्या खाली के बरोबर शून्य, वर एन. पण एकीत एक्सचा घात के असतो आणि दुसरीत के अधिक एक. घात सारखे केल्याशिवाय दोघी एकत्र येत नाहीत. म्हणून दुसरीत के काढून के वजा एक घालायचा. मी काय करायची, बोटानं बोर्डावरचा के पुसायची, तिथंच के वजा एक लिहायची आणि पुढची ओळ सुरू. माझ्या स्वतःच्या वहीत तसंच होतं. त्या वहीवर मी एम.एस्सी.पर्यंत पोचले होते.

आमच्याकडे वार्षिकचे पेपर अदलाबदल करून तपासायचे. डीचा गट्ठा गणिताच्या सिनियर मॅडमकडे गेला. मॅडम पंचवीस वर्षं शिकवत होत्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत, आणि त्यामुळेच सगळे त्यांना टरकून असायचे. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि टेबलावर पेपर पसरले.

“बघ. एकतीस पेपर. एकच ओळ, एकच चूक. दुसऱ्या एकाही डिव्हिजनमध्ये नाही. हे सिग्मा-बिग्मा पुस्तकातही नाही. कुठून आलं?”

मी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मला त्यात चूक दिसेना. माझीच ओळ होती ती, जशीच्या तशी. समोर पंचवीस वर्षांची नोकरी बसलेली, तिला ‘यात चूक काय आहे’ असं विचारायचं? जूनमध्ये कुणाला कायम करायचं ते जिच्या शब्दावर ठरणार, तिला? झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच डोक्यात आलं.

“कुणीतरी चिठ्ठी फिरवली असणार,” मी म्हटलं.

“मलाही तेच वाटतं,” मॅडम म्हणाल्या. “सुपरवायझर सरांच्या कानावर घालते. सोमवारी अकराला रिझल्ट फायनल होतोय. त्याआधी या एकतीस जणांचं काय ते ठरवू. कॉपी सिद्ध झाली तर दाखले हातात देणार, सर मागेच म्हणालेत.”

एकतीस पोरं. मी मान डोलावली आणि बाहेर आले.

घरी येऊन पंख्याखाली बसले आणि वही काढली. आई चणे निवडत होती. तिनं विचारलं, “काय झालां गो?” मी म्हटलं, काही नाही. ती ओळ माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. शेवटी चिडून एनच्या जागी सरळ दोन घातला आणि दुसऱ्या बेरजेची पदं एकेक करून मांडली, शाळकरी पोरासारखी. जुन्या रूपात एक्स, मग दोन एक्सवर्ग, मग एक्सघन. तीन पदं. आता माझ्या ओळीतून मांडली. पदाचा गुणक म्हणजे इतक्या वस्तूंतून इतक्या निवडायचे प्रकार; के शून्य धरला तर पहिल्याच पदाला दोन वस्तूंमधून वजा एक वस्तू निवडायची आली. वजा एक वस्तू! मग एक्स. मग दोन एक्सवर्ग. आणि संपलं. एक्सघन नाहीच.

मी के बदलला होता, पण सिग्माखालचं शून्य आणि वरचा एन तसेच ठेवले होते. हजेरीचंच घ्या. जुलैत एखादी नवी अॅडमिशन यादीत सगळ्यात वर घुसली की प्रत्येकाचा नंबर एकानं सरकतो. आता मी जुन्याच शेवटच्या नंबरापर्यंत नावं पुकारली तर शेवटचं पोर वर्गात बसून अख्खं वर्ष गैरहजर. सरकवायचं तर दोन्ही टोकंही सरकायला हवीत. खाली एक, वर एन अधिक एक. एवढंच होतं. आणि तरी सिद्धता दर वेळी सुटायची, कारण शेवटची ओळ काय यायला हवी ते आधीच पाठ होतं. सिद्ध काय करायचंय ते ठाऊक असलं की माणूस चुकीच्या वाटेनंही बरोबर तिथंच पोचतो आणि वर तोऱ्यात खालती रेघ मारतो.

चूक माझी, आणि मी सकाळी एकतीस पोरांवर चोरीचा आळ घेऊन आले होते.

आईला सगळं सांगितलं. सिग्मा तिला काय कळणार, पण बाकीचं कळलं. ती म्हणाली, “चूक तुजी आसा ना? मगे सांगान टाक.” मी उसळले. “नोकरी जाईल ना आई! सांगून टाक म्हणे!” ती पुन्हा चणे निवडायला लागली. त्या तिच्या गप्प बसण्याचा मला जास्त राग आला.

शनिवारी सकाळी मी सुपरवायझर सरांच्या केबिनमध्ये उभी राहिले. सिनियर मॅडम तिथंच होत्या. मी सांगितलं, कॉपी नाहीये, ती ओळ मीच बोर्डावर तशी लिहिली होती, घाईत पुसताना वरखालचं बदलायचं राहिलं. ‘घाईत’ हा शब्द मी घरून तयार करून आणला होता.

मॅडमनी चष्मा काढला. “काल तूच म्हणालीस, चिठ्ठी. आज म्हणतेस, मी. पोरांना पाठीशी घालून पॉप्युलर व्हायचंय का?”

“नाही मॅडम.”

“मग वह्या आण. वर्गातल्या, तारखेसकट, तुझी सही असलेल्या. आणि एक नको, चारपाच आण. एक काय, कुणीही बसून लिहून देईल.”

सर म्हणाले, “सोमवारी अकरा. नंतर माझ्याही हातात काही नाही.”

आता वह्या म्हणजे काय, परीक्षा संपून आठवडा झालेला! आमच्याकडची पोरं शेवटचा पेपर टाकून घरी आली की पहिलं काम वह्या रद्दीत घालायचं. निम्मी तर गावाला पळालेली. ऑफिसातून पत्ते उतरवून घेतले आणि उन्हात निघाले. साकीनाक्याला पहिल्या घरी कुलूप. दुसऱ्या घरी पोरगा भेटला. वही मागितल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की मीच त्याच्या घरी चोरी करायला आलेय. “मॅडम, परवाच दिली रद्दीत. फिजिक्सपण.” मरोळला एकीची वही तिच्या मावशीनं पानं फाडून डब्यांत अंथरली होती. मी चक्क तो पोह्यांचा डबा उपसून बघितला. त्यात लॉगॅरिथम निघाले.

“रद्दीवाला कुठला?” मी त्या साकीनाक्याच्या पोराला पुन्हा जाऊन विचारलं. तो मला घेऊन गेला. दुकानात छताला लागेल एवढी रद्दी. रद्दीवाला म्हणाला, “बाई, कल सुबह टेम्पो आयेगा, जो देखना है आज देखो. और फैलाना मत.” मी पदर खोचला. त्या पोरानं आणि मी दुपारी दोन ते पाच वह्या उपसल्या. कव्हरं फाडून ठेवलेली, त्यामुळे नावं नाहीत. शेवटी माझी लाल सही दिसली, आणि मी त्या धुळीत अशी किंचाळले की रद्दीवाला गल्ल्यावरून उठला. दोन वह्या मिळाल्या. दोन्हींत त्या ओळीत, त्याच जागी, पेनानं के गिरवून गिरवून के वजा एक केलेला. मी बोर्डावर पुसलं तोवर पोरांचं शाईनं उतरून झालं होतं. खालती माझी सही आणि ‘गुड’. तो शब्द बघून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पोरगा हळूच म्हणाला, “मॅडम, काही लफडं झालंय का? आम्ही नापास?”

“गप रे. काही नाही होत,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

रात्रीपर्यंत तिसरी मिळाली, मरोळच्याच एका मुलीकडून. चौथीसाठी रविवारी आरे कॉलनीत गेले. तिथल्या एका तबेल्याच्या युनिटवर जिचे वडील कामाला होते, ती मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. वर्षभरात तिनं एकदाच काही विचारल्याचं अंधुक आठवत होतं, काय ते आठवत नव्हतं. बस झाडीतल्या रस्त्यानं गेली. उतरले तर ओल्या चाऱ्याचा नि शेणाचा वास, आणि ती क्वार्टरच्या दारात बादली धरून उभी. मला बघून तिनं बादली खाली ठेवली आणि हात फ्रॉकला पुसले.

तिच्याकडे सगळं होतं. वह्या, कव्हरं घातलेल्या, वर्षभराचे टेस्ट पेपरही सुतळीनं बांधलेले. मी गणिताची वही घेतली. तोच गिरवलेला के. चार झाल्या. सुटले, असं वाटलं. मग तो टेस्ट पेपरांचा गट्ठा उगाच हातात घेतला. तिसराच पेपर बायनॉमियलचा.

त्यात तिनं दुसरी बेरीज लिहिली होती. सिग्माखाली के बरोबर एक. वर एन अधिक एक. स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात, बरोबर. आणि त्यावर लाल पेनाचं मोठं वर्तुळ. शेजारी माझं अक्षर, ‘बोर्डावर काय लिहिलं होतं? शून्य ते एन!’ तीन मार्क कापलेले.

तेव्हा आठवलं. पेपर वाटल्यावर ती टेबलाशी आली होती. “मॅडम, पण शेवटचं पद राहतं ना.” वर्ग गडबड करत होता, माझं डोकं फिरलेलं. मी म्हटलं होतं, “जास्त शहाणपणा नको. दिलंय तसं लिही.” ती जागेवर जाऊन बसली होती.

मी पेपर खाली ठेवला. तीच म्हणाली, “वही न्या मॅडम. तो पेपर राहू दे इथं.”

“का?”

“यंदा तुमचं परमनंटचं आहे ना. सगळ्यांना माहितीये.”

मला तिथून पळावंसं वाटलं. तिची आई चहा घेऊन आली, तो मी उभ्यानंच प्यायले. पेपर मी उचलून पर्समध्ये टाकला. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. दाखवायला नक्की नाही. कदाचित तो तिच्या घरात राहू नये म्हणूनच. बसमध्ये मी स्वतःला समजावत होते, चार वह्या पुरेत, वह्यांनी पोरं सुटतात, मग हा कशाला दाखवायचा?

सोमवारी अकराला केबिन. सगळ्यांना निरोप द्यायला वेळच नव्हता, तरी सातआठ पोरं बाहेर बाकावर येऊन बसली होती, आरेची ती मुलगीही होती. मॅडमनी चारही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. गिरवलेल्या के वर बोट ठेवत गेल्या. तारखा बघितल्या, सह्या बघितल्या.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “बोर्डावरूनच आलंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण घाईत होतं असं, माझंही झालंय. पुसून वर लिहायची सवय सोड. नवीन ओळ लिहायची, नेहमी.”

“हो मॅडम.”

“म्हणजे तीस जण मोकळे,” सर म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

“तीस?” मी विचारलं.

मॅडमनी एक उत्तरपत्रिका पुढे केली. आरेच्या मुलीची. “हे बघ. हिनं आधी एक ते एन अधिक एक लिहिलंय. बरोबर. मग ते खोडून शून्य ते एन केलंय. बाकी सगळ्यांनी पाठ केलं, समजू शकते. पण बरोबर उत्तर खोडून शेजाऱ्यासारखं चुकीचं कोण करतं? बघून लिहिणाराच करतो. ही एक केस खरी आहे.”

सरांनी तिला आत बोलावलं. ती टेबलापुढे उभी राहिली. सरांनी विचारलं, कुणाचं बघून खोडलंस? तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“कुणाचं नाही सर.”

“मग का खोडलं?”

ती गप्प. सर म्हणाले, “बोलणार नसशील तर मला दाखलाच काढावा लागेल. वडिलांना बोलाव.” चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथंच खुर्चीत बसलेला, मांडीवर पर्स घेऊन. पर्सची चेन मी घट्ट धरून ठेवली होती. मला जागा हवी होती हो. आजही सांगते, त्या क्षणीही हवी होती. ‘घाईत’ला माफी मिळाली होती, पण या पेपराला मिळणार नव्हती, कारण घाईत माणूस दुसऱ्याचं बरोबर असलेलं लाल पेनानं कापत नाही. ज्याला येत नाही तोच कापतो.

चेन उघडली आणि तो पेपर टेबलावर ठेवला.

“सर, हिनं टेस्टमध्ये बरोबर लिहिलं होतं. मी कापलं. विचारायला आली तर मी हिला गप्प बसवलं. मला ती ओळ येतच नव्हती. शुक्रवारी घरी जाऊन कळली.”

मॅडमनी पेपर घेतला. माझं ते लाल अक्षर त्यांनी वाचलं, उद्गारचिन्हासकट. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जूनमध्ये त्या जागेवर दुसऱ्या बाई आल्या, ते त्या न बोलण्यातच ठरलं होतं, मला तिथंच कळलं. मी वर्षभर घाटकोपरला एका क्लासमध्ये शिकवलं, मग मुलुंडला लागले. पण ते नंतरचं.

सरांनी एकतीसही नावांपुढे सही केली. मॅडमनी चष्मा लावला आणि त्या मुलीला विचारलं, या वेळी जरा हळू, “अगं, तुला येत होतं. वार्षिकलाही आधी बरोबर लिहिलंस. वार्षिकचे पेपर तर दुसरंच कुणीतरी तपासतं, मग खोडलंस कशाला?”

तिनं मान वर केली नाही.

“लिहिताना विसरले होते मॅडम. मग आठवलं, आमच्या मॅडमना असं आवडत नाही.”